आमची वाटचाल: चाकांवरच्या टेबलांची वायरिंग

भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा गाळा आहे. सुरुवात घरगुती फिटिंगपासून झाली. आज बहुतेक काम एकाच प्रकारचं येतं: चाकांची असेंब्ली टेबलं, टेस्टिंग ट्रॉल्या आणि वर्कबेंच यांवर कंड्युट (वायरी नेण्याचा पाइप) आणि सॉकेट पक्के बसवून देणं.

या कामाकडे वळलो ते वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यामुळे. तिथे लाइन बदलली की टेबलं सरकवायची आणि एक्स्टेन्शन बोर्ड टेबलांच्या पायांना प्लॅस्टिकच्या टायने बांधलेले. टाय तुटला की बोर्ड जमिनीवर आणि त्यावरून ट्रॉलीचं चाक. मेंटेनन्सच्या साहेबांनी विचारलं, "हे कायमचं करून द्याल का?" एक टेबल गाळ्यावर आणून करून दिलं. ते पसंत पडलं आणि बाकीचीही आली.

भिंत जागची हलत नाही. टेबल मात्र कोब्यावरून ढकललं की प्रत्येक स्क्रूला हादरा बसतो. पातळ पत्र्यातला सेल्फ टॅपिंग स्क्रू अशाने ढिला पडतोच. म्हणून आम्ही आरपार भोक पाडून बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, हादऱ्याने ढिला न पडणारा) लावतो. पाइप 20 मिमीचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), दर 30 सेंटीमीटरला सॅडल (पाइप धरणारी पकड), बॉक्सजवळ वीतभर अंतरात आणखी एक. बॉक्स पायाच्या आतल्या अंगाला, म्हणजे टेबल दाराच्या चौकटीला घासलं तरी सॉकेट वाचतो. पाइप कापला की आतली धार कानशीने घासून तोंडाला बुश, म्हणजे गुळगुळीत कडं, बसवायचाच. ती धार राहिली तर हादऱ्यांनी वायरचं इन्सुलेशन हळूहळू सोलत जातं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

टेबलापासून भिंतीपर्यंत मात्र पाइप नको, फ्लेक्झिबल केबलच हवी, आणि तीही ग्लँडमध्ये (केबल आवळून धरणाऱ्या तोंडात) घट्ट धरलेली. प्लग न काढता टेबल ओढलं जातं, हे गृहीत धरूनच काम करावं लागतं. टर्मिनलवर अर्थची हिरवी वायर आम्ही फेज-न्यूट्रलपेक्षा थोडी लांब ठेवतो. ओढ बसून वायरी निसटल्याच, तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटावी. टेबलाचा सांगाडा स्वतंत्र वायरने अर्थला जोडतो, निव्वळ पाइपाच्या भरवशावर सोडत नाही. सप्लायच्या बाजूला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की सप्लाय तोडणारा स्विच, असावा, असा आमचा आग्रह असतो.

डबल टेपने पीव्हीसी पट्टी चिकटवून स्वस्तात करून द्या, अशी मागणी अजूनही येते. हलत्या टेबलावर ते काम आम्ही घेत नाही, मग ऑर्डर गेली तरी चालेल. त्या टेबलाशी माणूस आठ तास हात टेकून उभा असतो.

आता आयटीआयमधून आलेली वायरमन मुलं हे काम शिकतात. टेबल तयार झालं की त्यावर वजन ठेवून ते गाळ्यासमोरच्या खडबडीत रस्त्यावर ढकलायचं, परत आणून प्रत्येक नट तपासायचा, 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) इन्सुलेशन आणि मीटरने अर्थची सलगता बघायची. त्यानंतरच टेबल टेम्पोत चढतं.