आई, ओटीपी आला का गं?

न्यू जर्सीतला सहा वर्षांचा संसार आवरून आम्ही म्युनिकला आलो तेव्हा भांडीकुंडी वाटली, गाडी विकली, पण अमेरिकेतला फोन नंबर काही टाकवेना. तिथल्या बँकेत थोडे पैसे आहेत, टॅक्सची कामं उरलीत आणि लॉगिनचा सहा आकडी कोड जिथेतिथे त्याच नंबरवर येतो. नुसता कोड येण्यासाठी दरमहा बिल भरणं जिवावर आलं, म्हणून निघण्याआधी २० डॉलर भरून तो गूगल व्हॉइस या इंटरनेटवरून चालणाऱ्या फोन सेवेवर पोर्ट केला. हे अमेरिकेत असतानाच उरकावं लागतं. एकदा झालं की सिम नको, नुसतं वायफाय पुरे.

दोन महिने मजेत गेले. मग एका संध्याकाळी बँकेने कळवलं की हा नंबर चालणार नाही. अरे, सहा वर्षं चालत होता की!

मागून उलगडा झाला. कोड पाठवण्याआधी नंबरचा प्रकार तपासता येतो: मोबाइल, लँडलाइन की इंटरनेटवरचा, म्हणजे व्हीओआयपी. पोर्ट झाल्याबरोबर माझ्या नंबरची जातच बदलली होती. (तिथेही सुटका नाही!) अमेरिकेतल्या निस्ट या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या सूचनांतही असे कोड व्हीओआयपीवर पाठवू नयेत असंच आहे. तो नंबर कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडतो, त्यामुळे ठरावीक फोन तुमच्याच हातात आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. पटलं, पण बँकेत शिरायचं कसं?

त्या रात्री चिडून इंटरनेटवर कोड घेण्यासाठीचे, कुणालाही वापरता येणारे फुकट नंबर शोधले. नंबरवर टिचकी मारली की त्यावर आलेले सगळे मेसेज उघड्यावर, गावच्या चावडीवर नोटीस लावावी तसे. दर मिनिटाला कुणाचा ना कुणाचा कोड. त्यातला एक नंबर मी एका शॉपिंग ॲपमध्ये घालून पाहिला, तर या नंबरचं खातं आधीच आहे म्हणे. ‘पासवर्ड विसरलात?’ दाबलं असतं तर कोड माझ्या डोळ्यांसमोर पडला असता आणि मी परक्या माणसाच्या खात्यात! लॅपटॉप मिटला. सवलतीच्या कूपनापुरते हे नंबर ठीक असतील. पैसे, ईमेल, व्हॉट्सॲप यांच्या आसपासही नकोत.

शेवटी तो नंबर एका स्वस्त अमेरिकन प्रीपेड ई-सिमवर परत नेला. बँक खूश.

भारताची गोष्ट मात्र वेगळीच. २०२३ च्या जानेवारीत एनआरआय मंडळींना परदेशी नंबरवरून यूपीआय वापरायची मुभा मिळाली, पण पहिल्या १० देशांत अमेरिका होती, जर्मनी नव्हती. तिथले कोड येतात ते माझं जुनं भारतीय सिम साताऱ्याला आईच्या फोनमध्ये आहे. इथे रात्रीचे आठ वाजले की हिवाळ्यात तिकडे साडेबारा झालेले असतात. आई चष्मा शोधते, मेसेज उघडते आणि तो अख्खा वाचून दाखवते.

‘‘अगं, कुणालाही सांगू नका असं लिहिलंय यात.’’

‘‘आई, मीच आहे.’’

‘‘ते सगळेच म्हणतात. व्हिडिओ लाव आधी.’’

तोवर कोडची मुदत संपलेली असते.