बुधवारचं पाणी

बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला पुण्यातल्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्यात उभं राहावं. मजल्यामजल्यावरून बादल्या भरल्याचा आवाज येतो. आधी बद्द, मग बादली भरेल तसा चढत जाणारा, आणि काठाशी आला की शीळ घातल्यासारखा. उद्या गुरुवार, आणि महापालिका देखभाल-दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवते ते बहुधा गुरुवारीच. 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने' हे पालुपद न वाचताच पाठ असतं.

पण एखाद्या घरात रोजच बुधवार असतो. पिंप भरलेलं, दोन हंडे, कळशी, दुधाची किटली, प्रेशर कुकर, वेळ पडली तर चहाचं पातेलंसुद्धा. माणसं तीन. हिशेब केला तर पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी सात-आठ लिटर, म्हणजे पंचवीस लिटरमध्ये दिवस निघतो. आंघोळ, संडास, भांडी धरून आणखी दीडशे-दोनशे. इथे चारशे लिटर उभं असतं, आणि ते भरणारी आजी म्हणते, "असू दे गं. कधी काय होईल, सांगता येतं का?"

याच घरातला दुसरा कायदा म्हणजे जमिनीवर काही ठेवायचं नाही. दप्तर खुर्चीवर, धान्याचे डबे फळीवर, कागदपत्रांची पत्र्याची पेटी माळ्यावर. दप्तर खाली टाकणाऱ्या नातवाला ओरडा बसतो तो पसाऱ्याच्या मानाने फारच मोठा. पाण्याला भिते म्हणावं, तर घरभर पाणीच भरून ठेवलेलं. नातवाला हे कोडं वाटतं. पेठेतल्या माणसाला वाटत नाही.

पुण्यात नुसतं 'एकसष्ट' म्हटलं तरी भागतं. 12 जुलै 1961 ला सकाळी आंबी नदीवरचं, बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं जुनं धरणही फुटलं, आणि दुपारपर्यंत नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. एवढं सगळ्यांना माहीत असतं. विसरतो ते पुढचं. शहराला पिण्याचं पाणी याच खडकवासल्यातून यायचं. म्हणजे एके दिवशी घरात छातीइतकं पाणी आणि दुसऱ्या दिवसापासून नळाला थेंब नाही. चिखलाने भरलेला वाडा धुवायला पाणी हवं, ते कुठून आणायचं? बुजवायला काढलेल्या विहिरी आणि पेशवाईतले हौद तेव्हा पुन्हा आठवले. म्हणजे आजीची भीती दुहेरी आहे: पाणी येईल ही, आणि पाणी येणार नाही ही. माळा पहिलीसाठी आणि पिंप दुसरीसाठी.

गंमत म्हणजे तो दिवसही बुधवारच होता. आंबिल ओढ्याने 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री घरं धुऊन नेली, तोही बुधवार. याला अर्थ काही नाही, सातातला एक वार यायचाच. पण आजीला सांगू नका.

अशा भीत्या पुढच्या पिढीत कशा उतरतात, यावर बरंच संशोधन चालू आहे. 1944-45 च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांच्या तब्येतीवर त्याचे परिणाम पुढे साठीपर्यंत दिसले. यावरून लगेच 'आघात जनुकांतून येतो' असं ठोकून देणारे व्हिडिओ निघतात. त्या मुलांना प्रत्यक्ष पोटातच अन्न कमी पडलं होतं, ती गोष्ट वेगळी. आपल्याकडची भीती उतरायला पेशीपर्यंत जावं लागत नाही. 'दप्तर उचल आधी!' यातल्या 'आधी'चा सूर पुरतो. कारण न सांगता दिलेला नियम पोराला दुप्पट पक्का बसतो.

म्हणून पिंप काढून टाकावं का? अजिबात नाही. गुरुवार आहेच की. पण पिंप ठेवायचं तर नीट ठेवावं, आणि इथे बहुतेक घरं चुकतात. डेंग्यूचा डास बहुधा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करतात. तेवढ्याने भागत नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरडीच महिनोन्‌महिने तग धरतात. पिंप ओतलं, उन्हाळाभर उपडं ठेवलं, पावसाळ्यात पुन्हा भरलं की ती फुटतात. म्हणून आतली भिंत काथ्याने किंवा ब्रशने खसखसून घासायची, काठाखालची वीतभर जागा विशेष. मग उन्हात पूर्ण वाळवायचं. झाकण एका बाजूने फटीचं असेल तर ते नसल्यात जमा. त्यापेक्षा जुन्या धोतराचा दुपदरी तुकडा नाड्याने आवळून बांधावा. दोनशे लिटरचं पिंप भरल्यावर दोनशे किलोंचं होतं, ते जुन्या लाकडी गॅलरीत ठेवू नये. आणि शुक्रवारी नळ आला की कालचं पाणी 'शिळं' म्हणून मोरीत ओतणाऱ्यांना काय म्हणावं? पाणी काय आमटी आहे?

माळ्यावरच्या पेटीचंही तसंच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेले कागद पुरापासून वाचतात आणि घामेजून बुरशीने जातात. रबरबँड वितळून चिकटतो, टाचणी गंजते. जुना कागद लॅमिनेट करू नये, पुन्हा सोडवता येत नाही. कागद भिजलेच तर ओले असताना पानं ओढून सुटी करू नयेत; मध्येमध्ये कोरा टीपकागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवावेत, उन्हात नाही. दोन दिवसांत बुरशी धरते. एकमेकांना चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू दिले तर गेलेच. स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सोडवायचे. फोटो वाचवायलाही पाणीच लागतं.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. 'आजी, तेव्हा तुला काय वाटलं?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय वाटायचंय?" विषय संपला. त्याऐवजी कळशी घासता घासता, तिच्या तोंडाकडे न बघता विचारावं, 'पाणी कुठवर आलं होतं गं?' तिचा हात आपोआप उठतो. छातीशी थांबतो, मग म्हणते, नाही, मी तेव्हा दहा वर्षांची, म्हणजे इथवर, आणि हात खाली येतो. त्या दोन उंचींच्या मधे बरंच काही असतं. तांब्याचा बंब वाहून गेला, समोरच्या काकूंनी वरून लुगडं सोडलं, शाळेत राहिलो तेव्हा कोणी पोळ्या दिल्या. वस्तू विचारली की माणूस बोलतो. थांबली की आपणही थांबायचं. पाहुण्यांसमोर 'सांग ना ते पुराचं' असं तर कधीच नाही.

पोळ्या देणाऱ्यांची नावं बहुधा आठवत नाहीत. आदल्या रात्री पानशेतला वाळूची पोती रचून धरण काही तास तगवून धरणाऱ्या जवानांचीही नाहीत. ते रात्री फुटतं तर झोपेतच वाहून गेलेल्यांचा आकडा काय झाला असता? तर्पणात आपल्या पितरांना अंगठा आणि तर्जनीच्या मधून पाणी सोडून झाल्यावर, ज्यांना आई नाही, बाप नाही, भाऊबंद नाहीत, अशांसाठीही पाणी सोडतात. नाव-गोत्र लागत नाही. गुरुजी ते घाईत उरकतात. जरा सावकाश म्हणा म्हणावं.

पेठांतून उठलेली घरं गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशी विखुरली. काही सोसायट्यांच्या नावात 'पूरग्रस्त' हा शब्द अजून आहे. तिसऱ्या पिढीतला नातू, जन्म नव्वदीनंतरचा, पोहायला पटाईत, आणि पत्त्यात पूरग्रस्त.

जुन्या भिंतींवर कुठे कुठे पाण्याच्या उंचीची रेघ होती, शेजारी तारीख. वाडे पडले, रेघाही गेल्या. नव्या इमारतींत तळमजल्याला पार्किंग असतं, खाली कोणी राहत नाही. आजीला ती रचना फार पसंत. नियम मोटारींसाठी केलाय, हे तिला कोणी सांगत नाही.

25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत असंच पार्किंग भरलं, आणि तळमजल्यावरची घरंही. गाड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. तिथल्या एखाद्या पाच वर्षांच्या पोरीला त्या पहाटे झोपेतून उचलून जिन्याने वर नेलं असेल. तिच्या घरी आता दप्तर कुठे ठेवतात?