दहा हजार मिलिमीटर

इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका दुकानात शनिवारी दुपारी पळायची जॅकेटं चाळत होते, बाहेर जानेवारीतला तो नेहमीचा पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबतही नाही, आणि एका लेबलवर दिसलं, वॉटरप्रूफ 10,000 मिमी. माझं डोकं थेट महाबळेश्वरला! तिथे वर्षाला पडतो साडेपाच-सहा हजार, म्हणजे हे घालून आख्खा पावसाळा वेण्णा लेकवर उभं राहिलं तरी वर चारेक हजार शिल्लकच. अर्थात तसा तो हिशेब नसतो, कापडावर केवढ्या उंचीचं पाणी उभं केलं की ते झिरपायला लागतं त्याचा तो आकडा.

पण घामाचं काय? एप्रिलच्या मॅरेथॉनची तयारी इथे ऐन थंडीत करावी लागते, कॅनॉलच्या काठाने दोन-अडीच तास पळून बघा, जॅकेट कितीही ब्रीदेबल, म्हणजे घामाची वाफ बाहेर जाऊ देणारं असो, आतून चिंब. भिजायचं तर आहेच, पावसाने की घामाने एवढंच काय ते ठरवायचं.

शाळेतला रेनकोट तसलाच. रबराचा वास, टोपी डोळ्यांवर, आणि आत दप्तरासकट आपण उकडून निघायचो. मोजे रात्री फ्रीजच्या मागे, नाही वाळले तर सकाळी आई त्यांच्यावर इस्त्री फिरवायची, चर्र आवाज आणि त्या वाफेचा वास, असे गरम दमट मोजे घालून शाळेत, श्शी, पण पहिली दोन मिनिटं फार बरं वाटायचं. आजोळी मात्र भाताच्या लावणीला बायका इरलं घेऊन वाकायच्या. बांबूच्या कामट्या, वर पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकलेली आणि पुढून सगळं मोकळं. पाऊस पाठीवरून ओघळून जायचा, दोन्ही हात रोपांना रिकामे, आणि घुसमट नाही. ब्रीदेबल म्हणायचं तर याला म्हणा. आता ते घेऊन 42 किलोमीटर पळता येणार नाही हे मलाही कळतं.

2018 ची बोस्टन मॅरेथॉन बघितलीय का कोणी? एप्रिलमध्ये चार-पाच डिग्री, धो धो पाऊस, वारा समोरून. भले भले मध्येच सोडून गेले. बायकांमध्ये जिंकली डेस लिंडन, 2 तास 39 मिनिटं 54 सेकंद, तीही अंगावर जॅकेट ठेवून. आणि पुरुषांत युकी कावाउची, जपानमधला, तेव्हा सरकारी नोकरदार, नोकरी सांभाळून पळणारा! याने त्याच वर्षी 1 जानेवारीला तिथेच मॅसॅच्युसेट्समध्ये हाडं गोठवणाऱ्या थंडीत एक मॅरेथॉन मारलेली आणि ती पूर्ण करणारा तो एकटाच होता. आता याच्यासाठी कुठलं लेबल लावणार?

माझं विचाराल तर खर्च हातमोज्यांवर करा आणि पुढे झाप असलेल्या टोपीवर, चष्मेवाल्यांनी तर नक्कीच. कॉटन अजिबात नको. स्टार्टला उभं राहायला कचऱ्याची काळी पिशवी, डोकं आणि हात बाहेर येतील एवढी भोकं पाडून, पळायला लागलं की काढून टाकायची. गंमत वेगळी, पण खरी भीती पळताना नसतेच, थांबल्यावर असते. अंग ओलं, आतली भट्टी बंद, पाच-दहा मिनिटांत दात वाजायला लागतात आणि बोटांनी साधी चेन उघडत नाही. त्या दिवशी बोस्टनचे मेडिकल टेंट अशाच काकडलेल्या लोकांनी भरले होते. तेव्हा फिनिशला कोरडे कपडे घेऊन कोणीतरी माणूस उभा पाहिजे, आणि आधी मेडल नाही, आधी ओला शर्ट काढायचा.