बिल माफ करू म्हणता, कोळशाचं काय?

2024 च्या विधानसभेची प्रचारपत्रकं मी अजून जपून ठेवली आहेत. वणी तालुक्यात आमचं सात एकर वावर आहे. कापूस, तूर, पाणी पुरलं तर हरभरा. वावराच्या एका अंगाला कोळशाच्या ट्रकांचा रस्ता आहे आणि घरातला एक माणूस खाणीत कामाला आहे. त्यामुळे उमेदवार विजेबद्दल काय बोलतो ते मी फार लक्ष देऊन ऐकते.

महायुतीने वीजबिलात 30 टक्के कपात करू आणि सौर ऊर्जेवर भर देऊ असं सांगितलं. महाविकास आघाडीने 300 युनिटपर्यंत वीज वापरणाऱ्यांना 100 युनिटचं बिल माफ करू असं सांगितलं. दोघांचंही बोलणं बिलाचं. माझ्या हातात आलेल्या पत्रकांत कोळसा हा शब्द मला सापडला नाही. तेही या भागात, जिथं जमिनीखाली कोळसा, रस्त्यावर कोळसा आणि दिवाळीनंतर बोंडावरही कोळसा!

विदर्भात वीज कुठे कुठे तयार होते ते आठवून पाहा. चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र 2920 मेगावॅटचं. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला 3300 मेगावॅट. नागपूरच्या आजूबाजूला कोराडी, खापरखेडा, मौदा. अमरावतीजवळ नांदगावपेठ, अकोल्याकडे पारस. राज्याची औष्णिक वीज मोठ्या प्रमाणात इथूनच जाते. राख आणि धूळ इथंच राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर होतं. असं असताना इथल्या उमेदवाराने ऊर्जेवर बोलायचं तर बिलापासून सुरुवात करून बिलावरच थांबायचं, हे मला पटत नाही.

चंद्रपूरला 2019 मध्ये किशोर जोरगेवार अपक्ष निवडून आले. वीज तयार करणाऱ्या जिल्ह्यातल्या लोकांना 200 युनिट वीज मोफत मिळाली पाहिजे, ही त्यांची मागणी तेव्हा घरोघरी पोचली होती. 2024 मध्ये ते भाजपकडून निवडून आले. त्या मागणीत स्वाभिमान होता असं मला आजही वाटतं. धूर आम्ही खातो तर आमचा हक्क आहे, हे कुणीतरी जाहीरपणे म्हटलं. पण फुकट युनिटाने धूर कमी होत नाही. ज्या माउलीला रात्रभर खोकला लागतो तिला 200 युनिट दिले तरी खोकला तसाच राहतो.

आमच्याकडे वेचणी सुरू करायच्या आधी सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवून पूजा करायची आणि मग पहिलं बोंड तोडायचं. रस्त्याकडच्या ओळींमध्ये ते पहिलं बोंडच कोळशाच्या धुळीने काळपट निघतं. वेचणाऱ्या बाया संध्याकाळी तोंड धुतात तर पाणी काळं. जिनिंगवर ग्रेडर मूठभर कापूस हातात घेतो, चोळून पाहतो आणि भाव पाडतो. पावसाने भिजला म्हणून भाव पडला तर शेतकरी समजून घेतो. इथं पाऊस नाही, कीड नाही, आमची काही कसूर नाही, तरी क्विंटलमागे पैसे जातात. रस्त्यावर पाणी मारायचा टँकर येतो, पण त्याचा नेम नाही.

निवडणुकीत गावात आलेल्या एका उमेदवाराला मी हे सगळं चावडीसमोर विचारलं. ते म्हणाले, "ताई, कोळसा केंद्राचा विषय आहे, आमदाराच्या हातात काय असतं?" दुसऱ्या पक्षाचे आले, त्यांचंही उत्तर तेच. नावं लिहीत नाही, कारण त्या दोघांत मला फरक दिसला नाही.

खाण केंद्राच्या अखत्यारीत आहे हे मला माहीत आहे. जमीन 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने जाते, तो केंद्राचाच. पण चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस ही वीजकेंद्रं चालवणारी महानिर्मिती कंपनी राज्याची आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्याचं. कोळशावर 14 टक्के स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, राज्याच्या तिजोरीत येतं आणि त्याच्या जोडीने खाणींची झळ बसलेल्या भागासाठी असलेला जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा जिल्ह्यात राहतो. ट्रक गावातून जातात त्यातले बरेच रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे. एवढं सगळं हातात असताना "केंद्राचा विषय" म्हणून गाडीत बसायचं?

आणि राज्याने बोललं तर केंद्रालाही ऐकावं लागतं, हे आपल्याच भागात घडलेलं आहे. ताडोब्याच्या वाघांच्या भ्रमणमार्गातला बंदर कोळसा ब्लॉक 2020 मध्ये लिलावाच्या यादीत आला. तेव्हाचे राज्याचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्राला पत्र लिहून विरोध केला आणि तो ब्लॉक यादीतून काढला गेला. त्याआधी ताडोब्याजवळच्याच लोहारा खाणीविरुद्ध चंद्रपूरकर रस्त्यावर उतरले होते. तीही खाण झाली नाही.

आता सौरचं. मी सौरच्या बाजूची आहे, हे आधीच सांगते. कारण माझ्यासाठी तो दिवसाच्या विजेचा प्रश्न आहे. शेतीच्या थ्री फेजची पाळी असते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे काय ते ज्याने दिलं त्यालाच कळतं. रानडुकरं, साप, आणि आमच्या जिल्ह्यात वाघ. 2018 मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात अवनी वाघिणीच्या भीतीने माणसं वावरात जाईनाशी झाली होती. त्या काळात माझ्या माहेरची माणसं घोळका करून, डबे वाजवत मोटर सुरू करायला जायची. ज्या सरकारने दिवसा वीज दिली, त्याने माझ्या माणसाचा जीव वाचवला असं मी समजेन, मग ते कुठल्याही पक्षाचं असो.

म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला सगळ्या घोषणांत महत्त्वाची वाटते. फीडरजवळच्या, म्हणजे पंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीजवळच्या, जमिनीवर सौर प्रकल्प उभा करायचा आणि त्याच फीडरच्या पंपांना दिवसा वीज द्यायची. 2017 मध्ये ठरलेल्या या योजनेच्या सुरुवातीच्या प्रयोगांसाठी राळेगणसिद्धीबरोबर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातलं कोळंबी निवडलं होतं. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, 2.0 मध्ये, उद्दिष्ट 16,000 मेगावॅटपर्यंत गेलं. देवेंद्र फडणवीस ऊर्जा खातं स्वतःकडे ठेवून या योजनेचा सतत पाठपुरावा करतात आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण त्याच सरकारच्या काळात कोराडीला 660 मेगावॅटचे आणखी दोन कोळशाचे संच आणायचं ठरलं आणि मे 2023 मध्ये त्याची जनसुनावणीही झाली. एका हाताने सूर्य आणि दुसऱ्या हाताने कोळसा, यातलं आमच्यासाठी धोरण कोणतं? विरोधकांनीही हा प्रश्न आमच्या गावातल्या सभेत लावून धरला नाही.

"मागेल त्याला सौर कृषी पंप" चंही तसंच. शेतकऱ्याने 10 टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के, बाकी अनुदान. योजना चांगली आहे. पण गावात ज्यांनी विजेच्या जोडणीसाठी आधीच डिमांड, म्हणजे जोडणीचे पैसे, भरली होती, त्यांनाही आता सौरच घ्या म्हणून सांगितलं. त्यातल्या एका काकांची विहीर खोल. ढग आले की पाणी वर येत नाही, आणि वादळात प्लेटा उडाल्या तेव्हा पंप बसवणाऱ्या कंपनीचा माणूस फोन उचलेना. "सोलरवाल्याईनं फोटो काढले अन् गेले," असं ते सगळ्यांना सांगत फिरतात. त्यांचं ऐकून दोघांनी अर्जच केला नाही. दुरुस्ती कोण करेल, किती दिवसांत करेल, हे ज्या उमेदवाराने ठामपणे सांगितलं असतं, त्याला इथं मतं मिळाली असती.

साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना मार्च 2029 पर्यंत आहे. तिच्यावर फार लिहीत नाही. बिल शून्य आलं याचा आनंद आम्हालाही झाला. पण रात्रीची पाळी फुकट झाली म्हणून रात्र दिवस होत नाही.

माझे दीर खाणीत आहेत. जमीन गेली त्याच्या बदल्यात मिळालेली नोकरी. आमच्या घरातली दोन मुलं त्या पगारावर शिकली. मी सौरचं बोलायला लागले की ते जेवता जेवता थांबतात. "वयनी, तुमी म्हन्ता ते बराबर हाये. पन खान बंद झाली तं माह्या पोराले कोन काम देईन?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि तो प्रश्न खोटाही नाही. सौर प्रकल्प उभा राहताना माणसं लागतात, उभा राहिल्यावर थोडीच लागतात. खाणीसारखा कायमचा पगार तिथं सगळ्यांना मिळणार नाही. कोळसा वाईट, सौर चांगलं, एवढंच म्हणणाऱ्या शहरातल्या माणसांना माझी विनंती आहे की एकदा खाणकामगाराच्या घरी जेवायला बसा.

पण खाणी संपतातच. खाण बंद करायचा आराखडा आणि त्यासाठी वेगळा पैसा ठेवायचा नियम 2009 पासून आहे. तो आराखडा मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवा अशी मागणी एखाद्या आमदाराने केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. खाणीतून काढलेल्या मातीचे ढिगारे नदीकाठी उभे आहेत. जुलै 2022 च्या पुरात पाणी कुठून कसं वळलं ते आमच्या भागातल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ते ढिगारे कोण उचलणार, त्यावर झाडं लावणार की सौर प्लेटा, आणि त्या जागेत काम आधी कुणाला, हे आत्ता ठरवायचं आहे. खाणीला कुलूप लागल्यावर कुणी विचारायला येणार नाही.

जिल्हा परिषद असो की पुढची विधानसभा, यावेळी बचत गटाच्या आम्ही बायांनी ठरवलंय की जो उमेदवार येईल त्याच्यासमोर कागद ठेवायचा आणि उत्तर सहीनिशी घ्यायचं. आमच्या फीडरला दिवसाची वीज कोणत्या महिन्यापासून? सौर पंप बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त, नाहीतर दंड कुणाला? कोळशाचे ट्रक ताडपत्री झाकून आणि गावाबाहेरच्या रस्त्याने कधीपासून? काळ्या कापसाचा पंचनामा होणार की नाही? खनिज प्रतिष्ठानच्या पैशातून आमच्या गावात काय झालं, त्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणार का?

कागद दिरांना दाखवला. त्यांनी वाचला, पेन मागितला आणि सगळ्यात वर स्वतःच्या हाताने लिहिलं: खाण बंद झाल्यावर आमच्या जमिनी परत देणार का, आणि देणार तर खड्डा भरून देणार का?