सहा इंची डॉब्सोनियन, नोंद पाचवी: बेअरिंग काढून टाकलं

मी घरी बनवत असलेल्या डॉब्सोनियन दुर्बिणीचा (साध्या लाकडी माउंटवर, म्हणजे आधारावर, हाताने फिरवायची दुर्बीण) आरसा कोट होऊन, म्हणजे चकचकीत थर चढवून आला, इथपर्यंत मागच्या नोंदीत सांगितलं होतं. त्याला पाच महिने झाले. या पाच महिन्यांत मी दुर्बिणीला काही जोडलं कमी आणि तिच्यातून काढलं जास्त, त्यामुळे दाखवण्यासारखे फोटो फारसे नाहीत. सांगण्यासारखं मात्र बरंच आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मागचं थोडक्यात. माझा मूळ बेत आठ इंची आरसा, एफ/५ (नाभीय अंतर आरशाच्या व्यासाच्या पाचपट), काट्यासारखं फोर्क माउंट, टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या दोन स्टेपर मोटर आणि त्या चालवायला अर्डुइनो हा छोटा संगणक-बोर्ड असा होता. मोबाइलवर तारा निवडायचा, दुर्बीण आपोआप वळणार. त्यावर चौदा महिने गेले. गिअरमधला बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई), बॅटरी, वायरी, कोड, सगळ्यात हात घातला, शिकलेही पुष्कळ. पण त्या चौदा महिन्यांत स्वतःच्या दुर्बिणीतून एकही तारा पाहिला नाही. त्यात पुण्याचा अक्षांश साडेअठरा. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर, म्हणजे आमच्या गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागे. माउंटचा फिरण्याचा अक्ष ध्रुवाकडे रोखायचा असतो. ध्रुवच दिसत नसेल तर तो जुळवायचा कसा, हा प्रश्न मी वर्षभर पुढे ढकलत राहिले होते.

मागच्या जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा ते सगळं खोक्यात भरून माळ्यावर टाकलं आणि सहा इंचाची, २५ मिमी जाडीची काच घासायला घेतली. आपल्याकडे पावसाळ्यात आकाश चार महिने बंदच असतं. घासायला त्याहून चांगले दिवस नाहीत.

एफ/८ का घेतलं ते सविस्तर सांगते, कारण या दुर्बिणीतला सगळ्यात मोठा निर्णय मी तोच मानते. १५० मिमी व्यास आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेल्या आरशात, गोलीय पृष्ठभाग आणि पॅराबोला (प्रकाश एका बिंदूत आणणारा आदर्श आकार) यांच्यात कडेला जेमतेम ०.०००३ मिमीचा फरक पडतो. आठ इंची एफ/५ ला तोच फरक ०.००१६ मिमी, पाचपटीहून जास्त. सहा इंची एफ/८ नुसता गोल ठेवला तरी पाव तरंगलांबीच्या, म्हणजे चांगल्या चित्रासाठी चालणाऱ्या चुकीच्या मर्यादेपाशी येऊन बसतो. कोमाचंही (क्षेत्राच्या कडेचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसण्याचंही) तसंच. कोमा न दिसणारं क्षेत्र एफ-रेशोच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. पाचाचा घन १२५, आठाचा ५१२. म्हणजे चौपट मोठं क्षेत्र नुसता आकडा बदलून पदरात पडलं, आणि कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) थोडं हललं तरी चित्र लगेच बिघडत नाही.

हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात हात आवरणं फार अवघड गेलं. ८० नंबरच्या कार्बोरंडमने (काच घासायची पूड; नंबर जितका मोठा तितके कण बारीक) सुरुवात केली, मधोमध १.२ मिमी खोली आली, मग १२०, २२०, ४०० करत गेले. ४०० वर असताना ८० चा एक कण कुठून तरी आला आणि बोटभर लांब ओरखडा पडला. पुन्हा २२० वर, दहा दिवस मागे. त्यानंतर प्रत्येक नंबरला वेगळी बादली, वेगळं फडकं आणि वेगळे कपडे. पॉलिश पिचवर (डांबरासारख्या राळेवर), सेरियम ऑक्साइडच्या बारीक पुडीने. न्यूटननेही आपल्या आरशाला पिचवरच पॉलिश केलं होतं.

आरशाचा आकार तपासणारी फूकोची चाचणी घरातल्या लांब बोळात, रात्री साडेबारानंतर, सगळे झोपल्यावर आणि पंखे बंद करून. आरशापासून २४०० मिमीवर एक एलईडी आणि दाढीचं पातं. पातं प्रकाशाच्या शंकूत सरकवलं की गोल आरसा एकसारखा करडा होत जातो, ढगाळ दिवसाच्या आभाळासारखा. मी आरशासमोर तळहात धरला तर त्याच्या उबेने वर जाणारी हवा धुरासारखी दिसली. हात काढल्यावरही ती काही क्षण वळवळत होती. इतकं सूक्ष्म दिसतंय म्हटल्यावर साहजिकच वाटलं, आता थोडं पॅराबोला करून घेऊच. एका अनुभवी मित्रानेही तेच सुचवलं. तीन रात्री विचार केला आणि थांबले. माझ्या हाताने पॅराबोला झाला असता, पण त्यात उंचसखल गोल कड्या पडल्या असत्या. हातातला गोल गुळगुळीत होता. तो तसाच ठेवला आणि कोटिंगला दिला.

डिसेंबरमध्ये पेटी उभी राहिली. १८ मिमी प्लाय, चौकोनी नळी ६ मिमी प्लायची. नळी वर-खाली करायला आडवा आधार आणि डावी-उजवी फिरवायला उभी फिरकी, एवढंच माउंट. जॉन डॉब्सनने हे जगाला दाखवलं. तो सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठातला साधू होता. ती सोसायटी १९०० मध्ये विवेकानंदांनी स्थापन केलेली. जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ काचांपासून तो आरसे घासायचा. १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला आणि १९६८ पासून फुटपाथवर दुर्बिणी लावून येणाऱ्याजाणाऱ्यांना आकाश दाखवणाऱ्यांची संघटना त्याने मित्रांबरोबर उभी केली. २०१४ मध्ये, ९८ व्या वर्षी गेला. त्याच्या माउंटमध्ये नवं असं काही नाही. किल्ल्यांवरच्या तोफा पाहिल्यात ना? नळीच्या दोन्ही बाजूंना जाड खुंट आणि ते खोबणीत टेकलेले. तसंच. मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे तो यासाठी की, पुंठा, प्लायवूड आणि टेफ्लॉन एवढ्यावर थांबण्याचं धैर्य त्याने दाखवलं.

माझ्यात ते लगेच आलं नाही. तळाच्या फिरकीसाठी मी भक्कम थ्रस्ट बेअरिंग (वरून येणारा भार पेलत फिरणारं) आणलं होतं. सुतारमामांकडे ते घेऊन गेले. त्यांनी बोटाने फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, हे तर वाऱ्यानं पण फिरंल." मी म्हटलं, "तेच तर हवंय मामा, एकदम हलकं." त्यांनी बसवून दिलं.

मामांचं म्हणणं पहिल्याच रात्री खरं ठरलं. दहा मिमीच्या आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) १२० पट वर्धन होतं, दृष्टिक्षेत्र जेमतेम २५ कोनीय मिनिटांचं, म्हणजे अर्ध्या अंशाहूनही कमी. गुरू त्यातून साधारण शंभर सेकंदांत आरपार निघून जातो. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला नळीला केसभर ढकलायचं. बेअरिंगवर केसभर असं काही नसतंच. बोट लागलं की गुरू क्षेत्राबाहेर, परत आणायला गेलं की दुसऱ्या बाजूने बाहेर. मग मी ब्रेक लावला. ब्रेकला स्प्रिंग लावली. नळी जड आयपीसने नाक खाली करायची म्हणून सरकतं वजन लावलं, त्यालाही एक स्प्रिंग. जानेवारीच्या अखेरीस या साध्या दुर्बिणीत अकरा जादा भाग झाले होते आणि मी पुन्हा त्याच चौदा महिन्यांच्या वाटेला लागले होते.

ते सगळं काढलं. बेअरिंगच्या जागी टेफ्लॉनचे तीन तुकडे, वर खरखरीत पोताचा सनमायका. तीनच, चार नाहीत. चुलीचे दगड तीन असतात म्हणून भांडं डुगडुगत नाही, तेच इथे. आरशाखालचे टेकूही तीनच. आणि प्रत्येक टेफ्लॉनच्या बरोबर खाली तळाचा पाय, म्हणजे वजन सरळ जमिनीत उतरतं, प्लाय वाकत नाही.

इथे मला खरा धडा मिळाला. पहिल्यांदा तुकडे ४० मिमीचे चौरस कापले, मोठे तितके चांगले असं समजून. फिरकी चिकटायची, मग सुटून पुढे उडी मारायची. टेफ्लॉनचं गणित उलटं आहे. त्याच्यावर दाब वाढला की घर्षणाचा गुणांक कमी होतो. चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो भार यावा असं जाणकार सांगतात. माझी नळी आणि वरची पेटी मिळून १४ किलो. म्हणजे तिन्ही तुकडे मिळून १४ चौरस सेंमी, एकेक सुमारे २२ मिमीचा. तसे कापले. थांबलेली नळी सुटायला लागणारा जोर आणि सरकत ठेवायला लागणारा जोर जवळजवळ सारखा झाला. लोण्यातून सुरी फिरावी तसं. हात काढला की जिथे आहे तिथे थांबते.

नाक खाली करण्याचा इलाजही असाच निघाला. बाजूचे खुंट ११० मिमीचे पीव्हीसी झाकण होते. त्याऐवजी प्लायच्या २०० मिमीच्या चकत्या केल्या, कडेला सनमायक्याची पट्टी. खुंट मोठा म्हणजे घर्षणाची पकड मोठी, त्यामुळे जड-हलकं आयपीस बदललं तरी नळी हलत नाही. वजन गेलं, दोन्ही स्प्रिंगा गेल्या. मामांनी चकत्या पाहिल्या आणि म्हणाले, "आता कशी, गाडीच्या चाकावानी." त्यांना यातलं ऑप्टिक्स ठाऊक नाही, पण लाकूड कुठे भार घेतं ते त्यांना माझ्याआधी कळतं.

या सगळ्यात मी मुकले ते काय, तेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. लांब एक्स्पोजरचे फोटो या दुर्बिणीतून निघणार नाहीत. नेब्युलांचे (तेजोमेघांचे) रंगीत फोटो काढणाऱ्या मित्रांकडे पाहून मन अजून हलतं. आणि मोटर नसल्यामुळे आकाश मला स्वतःला पाठ करावं लागलं. आधी अभिजित, मग त्याच्या खालचा समांतरभुज चौकोन, त्याच्या खालच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध थोडं अलीकडे एम ५७ हा कड्यासारखा तेजोमेघ. पंचवीस मिमीचं आयपीस, जवळपास एक अंशाचं क्षेत्र. पहिल्या वेळी चाळीस मिनिटं लागली. वेल्ह्याजवळच्या माळावर पहाटे तीनला ते करडं कडं दिसलं तेव्हा हात गारठले होते. आता दोन मिनिटांत सापडतं.

खोटही आहे. नळी थेट डोक्यावर गेली की डाव्या-उजव्या ढकलण्याला अर्थच उरत नाही, पूर्ण बूड गोल फिरवावं लागतं. आपल्या अक्षांशावर हे जास्त जाणवतं, कारण स्वाती पुण्यात माथ्यापासून एक अंशाच्याही आतून जाते. एम ५३ हा तारकागुच्छ तर त्याहून जवळून. तो गुच्छ मी तासभर आधी पूर्वेला असतानाच पाहून घेते.

फेब्रुवारीत एकदा गच्चीवर शेजारची पाचवीतली मुलगी आली. गुरू लावून दिला आणि सांगितलं, तो पळाला की हळूच ढकल. पहिल्या दोनदा तिने हरवला. तिसऱ्यांदा तिनेच तळहात नळीच्या तोंडाशी सपाट ठेवला, बोटांनी ढकलणं सोडून दिलं आणि नंतर दहा मिनिटं गुरू तिच्या डोळ्यासमोरून हलला नाही. "चार चंद्र आहेत, एक अगदी चिकटलाय," ती न वळताच म्हणाली. मी खाली चहा करायला गेले, परत आले तरी ती तिथेच.

पाऊस यायला आता महिना उरला. प्लायच्या कडांना अजून एक हात व्हार्निश द्यायचं आहे, नाहीतर जुलैमध्ये चकत्या फुगतील. सनमायक्यावर फर्निचरचं मेण चोळून पाहिलंय कुणी? दमट हवेत माझी फिरकी किंचित जड होते, आणि तिथे आणखी काही बसवायच्या आधी नुसत्या मेणाने भागतं का ते बघायचं आहे.