सहा भोकं आणि एक खिळा

मागच्या महिन्यात अ‍ॅमस्टरडॅममधलं भाड्याचं घर सोडलं. किल्ल्या परत घेताना घरमालकांनी मोबाइलचा टॉर्च भिंतीला तिरका लावून प्रत्येक खोली तपासली. समोरून न दिसणारं भोक तिरक्या उजेडात लगेच सावली टाकतं. सहा सापडली. मी भरलेली पुट्टी सुकून आत बसली होती. त्यातली दोन आधीच्या भाडेकरूची, पण ते सिद्ध कसं करणार? डिपॉझिटमधून पैसे कापले गेले.

चिडूनच त्या रविवारी राइक्सम्यूझियममध्ये गेले. रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’ या चित्रासमोर नेहमीसारखी झुंबड होती, म्हणून व्हर्मीर या डच चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईकडे वळले. सुमारे १६६०चं चित्र, उंची दीड फूटही नाही. लोक दुधाची ती बारीक धार बघतात, निळा अ‍ॅप्रन बघतात. मीही इतकी वर्षं तेच बघत होते. या वेळी मात्र डोळा थेट मागच्या भिंतीवर गेला. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो आणि भिंतीवरून तिरका सरकतो. अगदी आमच्या मालकांच्या टॉर्चसारखा! आणि वर, बाईच्या डोक्यापेक्षाही उंच, एक खिळा. त्याला काहीही टांगलेलं नाही. त्याची इवलीशी सावली पडली आहे, आजूबाजूला उपसलेल्या खिळ्यांची भोकं आहेत.

२०२२मध्ये या चित्राची तपासणी केली तेव्हा कळलं की बाईच्या मागे व्हर्मीरने आधी भांडी टांगायची फळी रंगवायला घेतली होती. ती त्याने मिटवली. भिंत मोकळी केली, आणि खिळा ठेवला. चुन्याची ती पांढरी भिंत रंगवण्यात त्याने जो वेळ घालवला असेल, तेवढ्यात दुसऱ्याचं अख्खं चित्र झालं असतं. एवढं करून गाठीला काय? १६७५मध्ये ४३व्या वर्षी तो गेला तेव्हा घरात दहाएक मुलं आणि डोक्यावर कर्ज. पावाच्या ६१७ गिल्डरच्या (तेव्हाचं डच चलन) उधारीपोटी त्याच्या बायकोला दोन चित्रं बेकरीवाल्याकडे ठेवावी लागली. चित्रातल्या टेबलावरचे पाव त्यानंतर मला नुसते पाव म्हणून बघता येत नाहीत.

व्हॅन गॉगचं बटाटे खाणाऱ्या कुटुंबाचं चित्रही जवळच, दहा मिनिटांवर आहे. तिथे गेले नाही. एका दिवशी एक भिंत पुरे.

नव्या घरात सामान आणायच्या आधी टॉर्च तिरका धरून सगळ्या भिंतींचे फोटो काढले, तारखेसकट. अकरा भोकं निघाली. स्वयंपाकघरात, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एक रिकामा खिळाही. नव्या मालकीणबाईंनी विचारलं, “काढून टाकू का?”

म्हटलं, राहू द्या.