रूटेड फोनचा बॅकअप: आधी रिस्टोअरचं बोला

"रूट केलेल्या फोनवर बॅकअपला कुठलं ॲप भारी?" कस्टम रॉमच्या (म्हणजे कंपनीचं सोडून दुसरं अँड्रॉइड टाकण्याच्या) कुठल्याही टेलिग्राम ग्रुपवर हा प्रश्न (रूट म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा) दर दोन-चार दिवसांनी येतोच, आणि उत्तरं पण ठरलेली, एक जण नियो म्हणतो, दुसरा स्विफ्ट, एखादा जुना गडी अजून टायटेनियमचं नाव काढून हळहळतो, मग थोडी भांडणं होतात आणि विचारणारा होता तिथेच राहतो. पण यातल्या किती जणांनी त्याच ॲपमधून डेटा परत आणून बघितलाय हे कोणी विचारतच नाही. बॅकअप घेणं सोपंय हो, रूट असला की ॲपचं फोल्डर उचलायचं, टार करायचं (सगळ्या फाईल्स एका फाईलमध्ये बांधायच्या), झालं काम. सगळी गोम रिस्टोअरमध्ये आहे. म्हणून मी दोनच गोष्टी बघतो, रिस्टोअर नीट होतं का, आणि उद्या ते बॅकअप ॲपच बंद पडलं तर त्याने बनवलेली फाईल मला लॅपटॉपवर हाताने उघडता येईल का. डार्क थीम, क्लाउडचे रंगीत आयकॉन वगैरे सगळं त्यानंतर.

आधी हे, की रूटच कशाला पाहिजे, गुगलचा बॅकअप आहे ना? आहे, अँड्रॉइड ६ पासून आहे, पण त्यात एका ॲपला २५ एमबीची मर्यादा, आणि ॲप बनवणाऱ्याने बॅकअपला नाही म्हटलं असेल तर तेवढं पण नाही. पूर्वी यूएसबी लावून कॉम्प्युटरवरून एडीबी बॅकअप चालायचा, पण अँड्रॉइड १२ साठी बनवलेल्या ॲप्सचा डेटा त्यातून येतच नाही, त्यामुळे तोही रस्ता जवळजवळ बंद. ॲपचा खरा माल असतो डेटा पार्टिशनवरच्या त्याच्या खाजगी फोल्डरमध्ये आणि तिथे रूटशिवाय शिरता येत नाही. आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे रूट करायला बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो आणि अनलॉक करताना फोन सगळा पुसला जातो, म्हणजे पहिल्यांदा जेव्हा बॅकअपची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हा रूटवालं एकही ॲप कामाला येत नाही! तेवढ्या वेळेस प्रत्येक ॲपमध्ये जाऊन जिथे जिथे एक्स्पोर्टचं बटण सापडेल तिथे ते दाबायचं, दुसरा इलाज नाही.

आता रिस्टोअरमध्ये नेमकं होतं काय ते जरा सविस्तर, कारण हे कळलं की ॲप निवडणं आपोआप सोपं होतं. अँड्रॉइड प्रत्येक ॲपला इन्स्टॉल करताना एक युजर नंबर देतो, १०००० च्या पुढचा कुठलातरी, समजा १०२३४. त्या ॲपच्या सगळ्या फाईल्स त्या नंबरच्या मालकीच्या. तुम्ही रॉम बदलली, ॲप परत टाकलं, तर आता नंबर मिळाला १०१८७, आणि टारमधून आलेल्या फाईल्सवर अजून जुनीच मालकी, म्हणजे ॲपला स्वतःच्याच फाईल्स वाचता येत नाहीत आणि उघडलं की लगेच बंद. म्हणून टूलने मालकी बदलून द्यायला पाहिजे, वर एसईलिनक्सची (अँड्रॉइडच्या सुरक्षा-नियमांची) लेबलं पण नीट बसवायला पाहिजेत. हे झालं किमान. मग येतात स्प्लिट एपीके (एपीके म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाईल). प्ले स्टोअरवरची बरीच ॲप्स आता एकाच फाईलमध्ये येत नाहीत, बेस वेगळा, भाषेचा तुकडा वेगळा, स्क्रीनचा वेगळा, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून तर नव्या ॲप्सना प्ले स्टोअरवर बंडल (ज्यातून हे तुकडे बनतात) देणं सक्तीचंच झालं. जुनी टूल्स फक्त बेस उचलतात आणि रिस्टोअरला ॲप एकतर इन्स्टॉल होत नाही किंवा क्रॅश होत राहतं. मग डेटा पण एका जागी नसतो, मुख्य फोल्डर एक, फोन अनलॉक व्हायच्या आधी लागणारा डेटा वेगळा (घड्याळाच्या ॲपचे गजर इथे असतात, सकाळी कळतं), स्टोरेजवरच्या अँड्रॉइड फोल्डरमधला डेटा तिसरा, गेम्सच्या मोठ्या ओबीबी फाईल्स चौथ्या, मीडिया पाचवा. टूलमध्ये या प्रत्येकाला वेगळी टिक असते आणि आकार वाढतो म्हणून लोक बाहेरच्या डेटाची टिक काढून टाकतात. ज्यांच्या ओएसएमअँडमध्ये (नकाशाचं ॲप) सह्याद्रीतल्या ट्रेकचे ट्रॅक साठलेत त्यांनी ही टिक दोनदा बघा, कारण बरेचदा ते तिसऱ्या जागेतच असतात आणि ॲप अनइन्स्टॉल केलं की ती जागा पण साफ होते.

अजून एक भानगड म्हणजे अँड्रॉइड आयडी. अँड्रॉइड ८ पासून हा आयडी प्रत्येक ॲपला वेगळा मिळतो आणि फोन रिसेट केला की बदलतो. काही ॲप्स लॉगिन याच्याशी बांधून ठेवतात, मग डेटा सगळा परत आला तरी ॲप म्हणतं हा फोन मी ओळखत नाही, बाहेर व्हा. चांगलं टूल हा आयडी पण जपून ठेवतं आणि परत बसवतं, पण त्यानंतर ॲप उघडायच्या आधी फोन रीस्टार्ट करावा लागतो. बरेच जण घाईघाईत लगेच ॲप उघडतात आणि मग टूलला शिव्या घालतात.

टायटेनियम बॅकअप म्हणजे एकेकाळी रूटचं कारणच होतं, लोक फोन रूट करायचे ते टायटेनियम चालवायला. पण २०१९ च्या आसपास त्याचे अपडेट थांबले आणि नंतर अँड्रॉइडमध्ये स्टोरेजचे नियम बदलत गेले, स्प्लिट एपीके सगळीकडे झाले, आणि ते मागेच राहिलं. सोर्स बंद (म्हणजे ॲपचा कोड उघड नाही), त्यामुळे दुसरं कोणी पुढे चालवू पण शकत नाही. तरी एक गोष्ट त्यांनी चांगली केली होती, एन्क्रिप्शन लावलं नसेल तर डेटाच्या फाईल्स साध्या टार-जीझेडच आहेत. म्हणजे कोणाच्या जुन्या हार्ड डिस्कवर टायटेनियमचं फोल्डर पडलेलं असेल तर ते आजही लॅपटॉपवर उघडतं, आतला डेटाबेस बाहेर काढता येतो. माझा दुसरा निकष इथूनच आला.

नियो बॅकअप हे माझं रोजचं. जुन्या ओअँडबॅकअपचा फोर्क (त्याच्याच कोडवरून काढलेलं वेगळं ॲप), आधी नाव ओअँडबॅकअपएक्स होतं, नंतर नियो झालं. फुकट, ओपन सोर्स. प्रत्येक ॲपचं वेगळं फोल्डर, आत तारखेनुसार बॅकअप, डेटा टारमध्ये आणि सोबत एक छोटी मजकुराची फाईल ज्यात कुठलं व्हर्जन, काय काय घेतलं ते लिहिलेलं. एन्क्रिप्शन न लावता घेतलं तर कुठल्याही लिनक्सवर उघडतं, अजून काय पाहिजे. शेड्यूल लावता येतात, मी रात्री चार्जिंगला असताना लावतो. खटकतं ते असं की पहिल्यांदा सेटिंग्ज उघडली की नवा माणूस गांगरतो, इतके पर्याय आहेत, आणि फोल्डर निवडताना अँड्रॉइड ११ च्या पुढे इंटर्नल स्टोरेजचं मूळ किंवा डाउनलोड फोल्डर चालत नाही, आत वेगळं फोल्डर बनवूनच द्यावं लागतं, मग लोक म्हणतात ॲप बिघडलंय. बिघडलेलं नाही, गुगलचाच नियम आहे तो.

स्विफ्ट बॅकअप दिसायला सगळ्यात देखणं आणि खरं सांगायचं तर घरातल्या बिगर-टेक्निकल माणसाला मी हेच टाकून देतो. एसएमएस, कॉल लॉग, वॉलपेपर, वायफाय, सगळं एका जागी, अँड्रॉइड आयडी पण जपतं, क्लाउडला ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वेबडॅव्ह असे भरपूर पर्याय. पण सोर्स बंद, कामाच्या बऱ्याच गोष्टी प्रीमियममध्ये, आणि फाईल्स त्याच्या स्वतःच्या एक्स्टेन्शनच्या. आज उत्तम चालतंय, प्रश्नच नाही, पण टायटेनियम पण तेव्हा उत्तमच चालत होतं की. आणि हो, शिझुकूवर (रूट नसताना ॲपला थोडे जादा अधिकार देणारं ॲप) रूटशिवाय स्विफ्ट चालतं हे खरं, पण तेव्हा ॲप्सचे एपीके येतात, ॲपचा खाजगी डेटा नाही. यूट्यूबवर "नो रूट फुल बॅकअप" म्हणून दाखवतात त्यात हे वाक्य सोयीस्करपणे गाळलेलं असतं.

डेटाबॅकअप नावाचं एक आहे, ओपन सोर्स, झेडएसटीडी नावाच्या पद्धतीने दाबून टार करतं त्यामुळे वेगवान, आयडी आणि परमिशन दोन्ही परत बसवतं, घरच्या नासवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) एसएमबीने किंवा वेबडॅव्हने पाठवता येतं. ज्यांना नियो किचकट वाटतं आणि स्विफ्ट बंद सोर्स म्हणून नको त्यांनी हे बघावं. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीतून घेतात त्या नँड्रॉइड बॅकअपबद्दल लांबण लावत नाही, तो अख्ख्या पार्टिशनचा फोटो असतो, त्याच रॉमवर परत जायला ठीक, रॉम बदलायला निरुपयोगी, आणि डेटा पार्टिशनचा बॅकअप घेतला तरी इंटर्नल स्टोरेज त्यात धरत नाहीत.

आता कुठलंच टूल जे करू शकत नाही ते. काही ॲप्स आपला डेटा ज्या किल्लीने एन्क्रिप्ट करतात ती किल्ली अँड्रॉइड कीस्टोअरमध्ये, फोनच्या हार्डवेअरपाशी असते आणि ती तिथून बाहेर निघत नाही, रूटने सुद्धा नाही. कुलूपबंद पेटी ट्रकात घालून नव्या घरी नेली पण किल्ली जुन्या घराच्या भिंतीतच चिणलेली, असा प्रकार. सिग्नल मेसेंजर याच गटातलं, त्याचा डेटा नियोने उचलून दुसऱ्या फोनवर ठेवला तर उघडणार नाही, त्यासाठी सिग्नलच्या आतलाच बॅकअप वापरायचा. ऑथेंटिकेटरच्या ॲपवर पण भरवसा ठेवू नका, एजिस वापरत असाल तर त्याचं एक्स्पोर्ट काढून ठेवा. यूपीआयची ॲप्स तर सिम आणि फोनला बांधलेली, परत एसएमएस जाणार, परत नोंदणी होणार, त्यांचा डेटा बॅकअपला घेण्यात काही अर्थ नाही, उलट अर्धवट रिस्टोअर झाला की ॲप भलत्याच जागी अडकतं. बँकेच्या ॲप्सची रूटशी जी मारामारी चालते ती वेगळीच, तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे.

सध्याचं काम म्हणजे मावसभावाचा पोको एफ वन. २०१८ चा फोन, कंपनीचं अँड्रॉइड १० वरच थांबलंय, पण प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८४५ असल्यामुळे अजून पळतो, आणि त्याला एमआययूआय (कंपनीचं अँड्रॉइड) सोडून लिनिएज (एक कस्टम रॉम) टाकायचंय. मॅजिस्क (रूट देणारं टूल) आधीपासून आहे. इथे पहिला धोका असा की लिनिएज टाकताना डेटा फॉरमॅट करावा लागतो आणि त्यात इंटर्नल स्टोरेज पण जातं, म्हणजे नियोचं फोल्डर फोनमध्येच ठेवलं असेल तर बॅकअप पण त्याच्यासोबत गेला. त्यामुळे सगळं आधी लॅपटॉपवर. पेनड्राइव्हवर घेणार असाल तर तो एक्सफॅट आहे का बघा, फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही आणि एखाद्या मोठ्या गेमचा डेटा सहज तेवढा होतो.

त्याच्या फोनवर मी नियो लावलं, फक्त त्याने स्वतः टाकलेल्या ॲप्ससाठी. सिस्टिम ॲप्सचा डेटा एका रॉममधून दुसऱ्यात न्यायचा नसतो, डायलर, सेटिंग्ज, लाँचर हे सगळं नव्या रॉमचं वेगळं असतं आणि बूटलूप (फोन परत परत रीस्टार्ट होत राहणं) व्हायला तेवढं पुरतं. एपीके पण सोबत घेतले, कारण डेटा नव्या व्हर्जनचा आणि ॲप जुनं असं झालं तर डेटाबेस उघडत नाही, आणि त्याचे एक-दोन गेम तर आता प्ले स्टोअरवर सापडत पण नाहीत. एसएमएस वेगळ्या ॲपने काढले, त्याच्या वडिलांचे जुने मेसेज आहेत त्यात, ते टूलच्या फॉरमॅटमध्ये अडकवायचे नव्हते, साध्या वाचता येणाऱ्या फाईलमध्ये पाहिजे होते. (परत टाकताना ते ॲप तात्पुरतं डिफॉल्ट एसएमएस ॲप करावं लागतं, नाहीतर अँड्रॉइड लिहूच देत नाही.) जीबोर्डचा (गुगलच्या कीबोर्डचा) डेटा पण घेतला, इतक्या वर्षांत त्याने शिकवलेले मराठी शब्द आणि आडनावं परत कोण शिकवत बसणार.

गंमत झाली ती एमआययूआयच्या नोट्सची. त्यात त्याचा दुकानाच्या उधारीचा हिशोब, आणि लिनिएजमध्ये ते ॲपच नाही, म्हणजे रिस्टोअर करणार कशात? तेव्हा त्या एकाच ॲपसाठी सिस्टिम ॲप न घेण्याचा नियम मोडला, नियोने डेटा उचलला, टार लॅपटॉपवर उघडली, आतला एसक्यूलाइट डेटाबेस तो उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये टाकला आणि सगळ्या नोट्सचा मजकूर समोर. कॉपी करून त्याला एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये दिला. बंद फॉरमॅटवालं टूल असतं तर इथेच अडलो असतो.

फॉरमॅट करायच्या आधी अजून एक काम बाकी आहे, एखादं बिनमहत्त्वाचं ॲप घ्यायचं (आम्ही पॉडकास्टचं निवडलंय, त्याचं स्वतःचं एक्स्पोर्ट पण काढलंय), ते अनइन्स्टॉल करायचं आणि लॅपटॉपवरून परत आणलेल्या फोल्डरमधूनच रिस्टोअर करून बघायचं. फोनवरच्या फोल्डरमधून नाही, लॅपटॉपवरच्या कॉपीतून, कारण कॉपी करताना एमटीपीने (यूएसबीवरून फाईल्स पाठवायची पद्धत) एखादी फाईल गाळली असेल तर ते इथेच कळेल. ते सुरळीत झालं की येत्या रविवारी लिनिएज टाकतोय. रिस्टोअरला सुरुवात जीबोर्डपासून, मग बाकीची ॲप्स थोडी थोडी करून, मध्ये एक रीस्टार्ट, आणि यूपीआय सगळ्यात शेवटी सिम घालून नव्याने. कोणी बेरिलियमवर (पोको एफ वनचं कोडनेम) हे आधी केलं असेल आणि काही अडलं असेल तर खाली लिहा, रविवारच्या आत लिहिलंत तर बरं.